रेघ सपाट असते तेव्हा

रात्रीचे दोन वीस. नेव्हीनगरच्या टोकाला
प्रयोगशाळेत फक्त शेकरची घरघर
आणि चंबूत गरगरणारं यीस्ट.
दर अर्ध्या तासाला थेंब काढायचा,
गढूळपणा मोजायचा, वहीत लिहायचा.

ऑक्टोबरपर्यंत याच वेळी माझगावात
बावा मैदा मळत असायचे, कोपरापर्यंत पांढरे.
तेच यीस्ट. तोच जीव.
नोकरी लागली तेव्हा घरी सांगितलं,
तर म्हणाले, "एवढं शिकून परत आमच्याच धंद्यात?"

मैद्यात साखर आहे तोवर पेशी उधळ्या.
अर्धवट खातात, उरलेलं सांडतात,
त्याचाच फेस, त्याचीच पावाला जाळी.
स्वतःची भट्टी बांधायची घाई कुणाला?
ती बांधून होण्याआधीच
दुसऱ्याच्या भट्टीत जातात.
हे मी बावांना सांगितलेलं नाही.

इथे आम्ही साखर संपू देतो. मुद्दाम.
मग आलेखावर ती रेघ येते, सपाट,
चढता चढता मुंगी थबकावी तशी.
पहिल्या वर्षी मला वाटलं, मेलं सगळं.
कार्व्हालो मॅडम म्हणाल्या,
मेलं नाही, कामात आहे. तू बस.

काय काम, ते हळूहळू कळलं.
भट्टीचे शेकडो भाग, प्रत्येकाची चिठ्ठी
केंद्रकातून निघते, साखरेच्या दिवसांतही.
एक प्रथिन त्या चिठ्ठ्या गाठून फाडायला लावतं.
साखर आटली की त्याच प्रथिनावर
फॉस्फेटचा बारीक शिक्का बसतो,
आणि फाडणारा हातच
चिठ्ठ्या वाचून घ्यायला लागतो.
मला वाटायचं, फाडणारा वेगळा असणार, वाचवणारा वेगळा.

शिवाय सात-आठ भाग असे, की बाहेर बनतच नाहीत.
मायटोकाँड्रियाकडे स्वतःची जुनी चोपडी आहे,
त्यातून ते आतल्या आत घडतात.
बाहेरचे आले आणि आतले नाहीत,
तर भंगार, वर अडगळीचा त्रास.
दोघांना एकच वेळ कोण सांगतं?
त्यासाठीच हा थेंब, ही वही, हे जागरण.

ऑक्टोबरात नोटीस आली. लाकूड बंद,
गॅस लावा नाहीतर शटर ओढा.
रऊफचाचांनी भट्टी विझू दिली.
तीन दिवसांनी बावांनी तिच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला,
आतल्या विटा चाचपल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा गार.

मग सात आठवडे घरी.
सवयीने रात्री उठून बसायचे,
चादरीवर हात मळल्यासारखे हलायचे.
अम्मी म्हणायची, डॉक्टरला दाखव.
मी काहीच म्हणाले नाही.
बोलून उपयोग नव्हता म्हणून नव्हे. मला सुचलं नाही.

परवा भिंतीवरचं कॅलेंडर उलटं पडलं.
मागे पेन्सिलीचे आकडे, बावांचे गोल, लठ्ठ आकडे:
बर्नर किती, नळी किती फूट,
जुन्या विटांतल्या किती वाचतील.
दोन कागद फाडून टाकलेले,
आणि मग खळीने परत जोडलेले.
पहिली तारीख जूनची.
जूनमध्ये तर नोटिशीचं नावही नव्हतं,
भट्टी धडधडत होती, आणि ते रोज हसत घरी यायचे.

तीन पन्नास. थेंब. रेघ तशीच.
चंबूला दारूचा वास सुटलाय.
आता पेशी तीच जाळायला शिकतील,
स्वतःच सांडलेली.
बावांसमोर दारूऐवजी दुसरा शब्द शोधावा लागेल.

सकाळी दहाला गॅसवाला येणार
म्हणून आज ते बेकरीतच झोपलेत, बंद शटरच्या आत.
झोपले नसतील.

चार वीसला पुढचा थेंब.